‘आकस्मिक’ निधनामागची वीस वर्षे

मराठी वृत्तपत्रांच्या निधनवार्तांत एक वाक्य वर्षानुवर्षे जसेच्या तसे छापले जाते : ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने आकस्मिक निधन’. वय कधी ४८, कधी ५२, कधी ५५. मागे पत्नी, शिक्षण घेणारी मुले, वृद्ध आई असा परिवार. भेटायला आलेले आप्त हळहळतात, ‘कालपर्यंत ठणठणीत होते, कधी डोके दुखल्याची तक्रार नव्हती’ असे एकमेकांना सांगतात आणि नियतीला बोल लावून घरी परततात. त्या छापील वाक्यातील ‘निधन’ हा शब्द दुर्दैवाने खरा असतो. ‘आकस्मिक’ हा शब्द मात्र बहुतेक वेळा खरा नसतो. जो झटका पहाटे चार वाजता येतो, त्याची तयारी रक्तवाहिन्यांत पंधरा-वीस वर्षे चाललेली असते. या काळात शरीर सूचना देत असते, पण त्या वाचण्याची सवय समाजाला नसते. ही सवय लावून घेणे हाच आजचा विषय आहे.

प्रश्न किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे १ कोटी ७९ लाख माणसे हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी मृत्यू पावली. इतके बळी दुसरा कोणताही रोग घेत नाही. भारतात २०१६ मध्ये झालेल्या एकूण मृत्यूंपैकी सुमारे २८ टक्के मृत्यू याच विकारांचे होते, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासातून समोर आले. साथीचा रोग आला की शासन आणि समाज खडबडून जागे होतात. ही न दिसणारी साथ मात्र ‘आकस्मिक’ या शब्दाच्या आडून दरवर्षी लक्षावधी घरे उजाड करते.

सूचना मिळूनही ती न वाचल्याचे जगातील सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे आहे. १९४१ मध्ये त्यांचा रक्तदाब १८८/१०५ होता. मार्च १९४४ मध्ये हृदयतज्ज्ञांनी तपासले तेव्हा हृदय आकाराने वाढलेले होते आणि ते दुर्बळ झाल्याची चिन्हे स्पष्ट दिसत होती. १२ एप्रिल १९४५ रोजी त्यांनी डोके असह्य दुखत असल्याचे सांगितले, रक्तदाब ३००/१९० वर गेला आणि मेंदूतील रक्तस्रावाने वयाच्या ६३ व्या वर्षी त्यांचा अंत झाला. त्यांच्या खाजगी वैद्याने मात्र हा आघात निरभ्र आकाशातून वीज कोसळावी तसा असल्याचे सांगितले. जगातील सर्वांत सामर्थ्यशाली माणसाच्या मृत्यूलाही ‘आकस्मिक’ म्हटले गेले! पण त्या काळाला एक सबब होती. वाढलेला रक्तदाब हा वयाचा स्वाभाविक परिणाम आहे, असे तेव्हाचे अनेक नामवंत वैद्य मानत आणि तो उतरवणारी प्रभावी औषधेही फारशी नव्हती.

पुढे तीनच वर्षांनी, १९४८ मध्ये, अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या छोट्या गावी ५,२०९ निरोगी स्त्री-पुरुषांची नियमित तपासणी सुरू झाली. कोणाला हृदयविकार होतो आणि कोणाला होत नाही, याची नोंद वर्षानुवर्षे ठेवली गेली. तिच्यातून उच्च रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध सिद्ध झाला आणि ‘जोखमीचे घटक’ ही कल्पना वैद्यकशास्त्रात रुजली. २००४ मध्ये ५२ देशांतील रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. धूम्रपान, कोलेस्टेरॉलचे बिघडलेले प्रमाण, उच्च रक्तदाब, मधुमेह, सुटलेले पोट, मानसिक ताण, फळे-भाज्यांची उणीव, मद्यपान आणि व्यायामाचा अभाव या अवघ्या नऊ घटकांतून पहिल्या झटक्याच्या जोखमीपैकी पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ९४ टक्के जोखीम स्पष्ट होते, असे त्यात आढळले. यांतील एकही घटक असा नाही की जो मोजता, टाळता किंवा आटोक्यात ठेवता येत नाही. म्हणजे रूझवेल्टच्या काळची सबब आज उरलेली नाही.

हा विकार शरीरात घडतो कसा, हेही समजून घेतले पाहिजे. हृदय हा एक स्नायू आहे आणि त्याला स्वतःलाही रक्त लागते. ते पुरवणाऱ्या धमन्यांच्या आतल्या अस्तराखाली मेद साचू लागतो. वाढलेला रक्तदाब आणि तंबाखू त्या अस्तराला इजा करतात, मधुमेह ती इजा वाढवतो, कोलेस्टेरॉल तेथे ठाण मांडते. वर्षामागून वर्षे जातात आणि धमनी अरुंद होते. जिना चढताना छाती भरून येणे आणि थांबल्यावर बरे वाटणे, ही या अवस्थेची नेहमीची खूण होय. कित्येकांच्या बाबतीत तेवढीही खूण मिळत नाही. एके दिवशी त्या मेदाच्या थरावरचे पातळ आवरण फाटते, तेथे रक्ताची गुठळी होते आणि प्रवाह थांबतो. रक्ताविना स्नायू मरू लागतो. यालाच हृदयविकाराचा झटका म्हणतात. झटक्यामुळे किंवा अन्य कारणाने हृदयाची लय बिघडून ते धडधडायचेच थांबले, तर ते ‘हृदय बंद पडणे’. त्यात माणूस क्षणार्धात कोसळतो. आणि स्नायू दुर्बळ होऊन रक्त पुरेसे ढकलले गेले नाही, की पायांवर सूज येते, उताणे झोपले की धाप लागते. ती हृदयाची अकार्यक्षमता. तिन्ही अवस्था वेगळ्या आहेत, उपचार वेगळे आहेत. परंतु तिन्हींची मुळे बरेचदा त्याच दुर्लक्षित वर्षांत सापडतात.

फ्रॅमिंगहॅमचे निष्कर्ष भारतीयांना जसेच्या तसे लागू पडतात काय? येथे उत्तरासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. ते पुण्यात आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांची उंची आणि वजन यांचे गुणोत्तर अगदी सारखे, २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! पुणे परिसरातील खेड्यांत १९९३ पासून सुरू झालेल्या अभ्यासात याचे मूळ गर्भावस्थेपर्यंत पोहोचत असल्याचे दिसले. तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांहून वजनाने बरीच कमी होती. स्नायू आणि अवयव लहान होते, मेद मात्र त्या मानाने टिकून होता. याचा अर्थ, भारतीय माणूस काट्यावर हलका भरला तरी आतून हलका असतोच असे नाही. ‘आमचा बांधा शिडशिडीत, आम्हाला कसला हृदयविकार?’ या आत्मविश्वासाला शास्त्राचा आधार नाही. दक्षिण आशियातील रुग्णांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, तर अन्य देशांत ५९ च्या सुमारास, हे उपरोक्त ५२ देशांच्या अभ्यासातच आढळले आहे. ही पाच-सहा वर्षे मुलांच्या शिक्षणाची, घराच्या कर्जाची आणि लग्नकार्याची वर्षे असतात. यास्तव वजनकाट्याइतकेच शिंप्याच्या टेपलाही महत्त्व द्यावे. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या वर गेलेला पोटाचा घेर ही भारतीयांसाठी धोक्याची खूण मानली जाते.

या सर्व घटकांत सर्वांत फसवा घटक म्हणजे रक्तदाब. तो दुखत नाही, खुपत नाही, कामात अडथळा आणत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतातील ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आणि ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे. म्हणजे दर तीन प्रौढांमागे एक माणूस हा विकार घेऊन वावरतो. त्यांपैकी कित्येकांना तो माहीतच नाही. ज्यांना माहीत आहे त्यांतले कित्येक गोळी घेत नाहीत. जे घेतात त्यांतले कित्येक ‘आता नॉर्मल आला’ म्हणून परस्पर बंद करतात. गोळी चालू असल्यामुळेच रक्तदाब नॉर्मल आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. ‘एकदा गोळी सुरू केली की सवय लागते’ हा आणखी एक रूढ समज. चष्म्याचीही सवय लागते. पण म्हणून कोणी डोळे मिटून रस्ता ओलांडत नाही. २०१७ मध्ये केंद्र शासन आणि आयुर्विज्ञान परिषद यांनी उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम पाच राज्यांत सुरू केला. महाराष्ट्रातील भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा या जिल्ह्यांचा त्यात समावेश होता. ठरलेली मोजकी औषधे, घराजवळच्या आरोग्य केंद्रात महिन्याचा पुरवठा आणि न आलेल्या रुग्णाची चौकशी एवढ्या साध्या गोष्टींवर तो उभा आहे. मोठी यंत्रे आणि काचेच्या इमारती यांच्याशिवायही हृदयाचे रक्षण होऊ शकते, हा त्यातला धडा होय.

आता मराठी घरातील सर्वांत धोकादायक निदानाकडे वळू. ते निदान वैद्य करीत नाही, घरातली माणसेच करतात : ‘पित्त झाले असेल’. मध्यरात्री छातीत दडपण येते, घाम सुटतो, मळमळते. मग थंड दूध, सोडा, ओवा, खाण्याचा चुना असे एकेक प्रयोग होतात आणि ‘सकाळी बघू’ म्हणून दिवा मालवला जातो. झटक्यात पहिल्या तासांचे मोल किती, हे एकदा कळले तर कोणीही सकाळची वाट पाहणार नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन असो वा अँजिओप्लास्टी असो, उपचार जितका लवकर तितका अधिक स्नायू वाचतो. छातीच्या मध्यभागी दाब किंवा आवळल्यासारखे वाटणे, वेदना डाव्या हातात, जबड्यात, पाठीत वा खांद्यांत पसरणे, थंड घाम, धाप, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे काही मिनिटांत गेली नाहीत, तर पित्ताचा विचार नंतर करावा. आधी ईसीजी काढावा. पहिला ईसीजी निर्दोष आला तरी लक्षणे असतील तर डॉक्टर तो पुन्हा काढतात आणि रक्ततपासणी करतात, हेही ध्यानात असावे.

अशा वेळी रुग्णाला जिना उतरवून स्कूटरवर बसवू नये आणि त्याने स्वतः गाडी चालवत जाणे तर सर्वथा टाळावे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. ती बोलवावी आणि कोणत्या रुग्णालयात हृदयरोगाची तातडीची सोय आहे याची चौकशी संकटाआधीच करून ठेवावी. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा विकार नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खाणे उपयुक्त ठरते. माणूस बेशुद्ध पडला आणि श्वास थांबला, तर कांदा हुंगवणे किंवा तोंडावर पाणी मारणे यांत वेळ दवडू नये. मदत बोलावून त्याच्या छातीच्या मध्यावर दोन्ही तळहातांनी जोराने, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब देत राहावे. ही कृती शाळकरी मुलालाही शिकता येते; प्रत्येक मंडळाने आणि गृहनिर्माण संस्थेने वर्षातून एकदा तिचे प्रशिक्षण ठेवावे.

स्त्रियांच्या बाबतीत हा विलंब अधिकच होतो. स्त्रीला हृदयविकार होत नाही हा समज चुकीचा आहे. रजोनिवृत्तीनंतर तिची जोखीम झपाट्याने वाढते. त्यातच तिची लक्षणे कित्येकदा निराळी असतात. छातीत कळ येण्याऐवजी विलक्षण थकवा, धाप, मळमळ, पाठीत वा जबड्यात दुखणे एवढेच जाणवते. मधुमेही माणसाला तर काही वेळा वेदना होतच नाहीत. घरातील सर्वांच्या गोळ्यांच्या वेळा तोंडपाठ असणाऱ्या गृहिणीला स्वतःचा रक्तदाब किती, हे ठाऊक नसते. जी शेवटी जेवते, तीच शेवटी तपासून घेते. कुटुंबाला हे भूषणावह नाही.

हृदयाचे रक्षण मुख्यतः स्वयंपाकघरातच होते. दिवसाला माणशी पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे एक लहान चमचा मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतीय माणूस साधारण त्याच्या दुप्पट खातो. लोणचे, पापड, फरसाण, वेफर्स आणि ताटात डावीकडे वाढलेले मीठ यांचा हिशेब कोणी मांडत नाही. वनस्पती तुपातील घातक मेदावर शासनाने जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली, हे योग्यच झाले. तथापि भजी-वडे तळून उरलेले तेल पुन्हा पुन्हा उकळण्यावर कायदा लक्ष ठेवू शकत नाही, ते घरानेच ठेवावे. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळी, पालेभाज्या, ताक, मूठभर शेंगदाणे हा आपल्याकडचा साधा आहार काही मागास नव्हता. मागास ठरवून तो सोडला गेला आणि त्याजागी मैदा व साखर आली. तंबाखूविषयी तर तडजोड नकोच. विडी-सिगारेटइतकाच चुना-मळीचा तंबाखू आणि ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्रियांच्या दातांवर घासली जाणारी मिश्रीही घातक आहे. तंबाखू चघळण्यानेही झटक्याची जोखीम वाढते, हे सिद्ध झाले आहे. आणि आठवड्यातून किमान १५० मिनिटे झपझप चालणे : त्याला पैसा लागत नाही, निश्चय लागतो.

हृदयाचा आणखी एक विकार गरीब घरांत मुलांच्या घशातून शिरतो. पाच ते पंधरा वयाच्या मुलाच्या घशाला विशिष्ट जंतूचा संसर्ग झाला आणि त्यावर उपचार झाले नाहीत, तर काही आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. मुलीच्या बाबतीत हा दोष कित्येकदा तिच्या पहिल्या बाळंतपणात उघडकीस येतो. घसादुखीवर डॉक्टरांनी दिलेले प्रतिजैविक पूर्ण घेणे आणि एकदा असा ताप येऊन गेलेल्या मुलाला सांगितलेल्या काळापर्यंत तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन न चुकता देणे, हा त्याचा प्रतिबंध. झडप बदलण्याची वेळ आलीच, तर येथे एका स्वदेशी कर्तृत्वाचे स्मरण अवश्य व्हावे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय झडप घडवली. आरंभीचे नमुने अपयशी ठरले. तरी ते डगमगले नाहीत. ६ डिसेंबर १९९० रोजी ती प्रथम रुग्णाला बसवली गेली आणि त्यानंतर लाखाहून अधिक रुग्णांना तिने जीवदान दिले आहे.

औषधोपचार सामान्य माणसाच्या आवाक्यात यावेत, या दिशेने शासनानेही पावले टाकली आहेत. फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आली. सरासरी सव्वा लाखाच्या आसपास किंमत असलेला औषधयुक्त स्टेंट तेव्हा २९,६०० रुपयांवर आणला गेला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयोपचारांचा समावेश आहे. तिशी ओलांडलेल्यांची रक्तदाब व मधुमेहाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य होते. परंतु स्टेंट म्हणजे रोगमुक्ती नव्हे. स्टेंट एका अरुंद जागेला मोकळे करतो. रोग सगळ्याच रक्तवाहिन्यांत असतो. अँजिओप्लास्टी झाली म्हणून गोळ्या सोडणारा आणि पुन्हा तंबाखूची डबी उघडणारा माणूस दुसऱ्या झटक्याला निमंत्रण देत असतो.

शेवटी एक गोष्ट कार्यकर्त्यांसाठी स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे. समाजकार्यात झोकून दिलेल्या माणसाचा दिवस प्रवासात, रात्र बैठकीत आणि भूक घरोघरीच्या चहा-पोह्यांत जाते. जेवणाला वेळ नाही, झोपेला हिशेब नाही, गोळ्यांची पुडी दुसऱ्या गावच्या पिशवीत. प्रकृतीची ही हेळसांड आपल्याकडे नकळत त्यागाचे लक्षण मानली जाते आणि तिचे कौतुकही होते. हे कौतुक थांबले पाहिजे. ज्या कार्यकर्त्याला घडवायला पंचवीस वर्षे लागली, तो पन्नाशीत गेला तर कार्याचे नुकसान होते आणि घर उघड्यावर पडते. शरीर हे कार्याचे साधन आहे. साधनाची निगा राखणे हा कामचुकारपणा नव्हे. बैठकीच्या निमंत्रणात वेळ आणि विषय असतो, तसा रात्री दहाला समारोपही असावा. वरिष्ठाने कनिष्ठाला कामाचा अहवाल विचारताना ‘रक्तदाब केव्हा मोजलास?’ हेही विचारावे.

घराघरांतून एक साधी वही सुरू व्हावी. तिशीनंतरच्या प्रत्येकाचे नाव, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, कोलेस्टेरॉल आणि पोटाचा घेर असे पाच रकाने तिच्यात असावेत. वर्षातून एकदा, ज्यांना विकार आहे त्यांनी डॉक्टर सांगतील तितक्या वेळा, ते भरावेत. १४०/९० च्या वरचा आकडा पुन्हा पुन्हा आला, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. पहिले नाव आईचे लिहावे, कारण तिचेच राहून जाते.